माझ्यासमक्ष दिले

एका मालिकेतल्या लग्नात मी चौदा वेळा अक्षता टाकल्या. त्याचे सहाशे रुपये मला अजून मिळालेले नाहीत. लग्न पौषात लागलं होतं. मालिकांना पौष, आषाढ, चातुर्मास काही नसतं. टीआरपी पडला की मुहूर्त निघतो. त्याला आता पाच महिने होत आले. सहाशे रुपयांवाचून माझं काही अडलेलं नाही. पीएफचे पैसे बँकेत आहेत, मुलगा कमावतो. आणि माझं काही अडलेलं नाही, हीच या प्रकारातली सगळ्यात वाईट गोष्ट आहे असं माझं मत झालं आहे. ते का, ते सांगते.

मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात एकोणतीस वर्षं टाइम ऑफिसात काढली. वागळे इस्टेट म्हणजे एमआयडीसीची पहिली वसाहत. आता तिथे काचेच्या इमारती आहेत, तेव्हा भोंगा वाजायचा. कोण किती वाजता आत आलं, किती वाजता बाहेर गेलं, ओव्हरटाइम किती, कंत्राटदाराची माणसं किती, हे लिहिणं माझं काम. त्यामुळे चार माणसं एका जागी राबताना दिसली की माझी नजर आपोआप मस्टर शोधते. याला सवय म्हणा, खोड म्हणा.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला. ‘घरंदाज दिसणाऱ्या महिला हव्यात, वय 45 ते 65. काठापदराची साडी व दागिने स्वतःचे. चहा, नाश्ता, जेवण मिळेल. मालिकेत झळकण्याची सुवर्णसंधी.’ पैशांचा उल्लेख सगळ्यात शेवटी, तोही ‘योग्य मानधन’ असा. आम्ही पाचजणी गेलो, भिशीला जातो तशा, हसत-खिदळत.

घोडबंदर रोडला, मानपाडा सोडलं की गायमुखापर्यंत, आतल्या बाजूला असे बंगले आणि शेड आहेत जिथे वर्षानुवर्षं मालिकांची कुटुंबं नांदतात. टीव्हीवर जो वाडा तुम्ही कोल्हापूरचा म्हणून बघता, त्याच्या मागच्या खिडकीतून कदाचित मेट्रोचे खांब दिसत असतील. आम्हाला कॉल टाइम सकाळी सातचा होता. येऊरच्या बाजूने गार वारा येत होता आणि आम्ही पैठण्या नेसून, नथी घालून, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर शाल पांघरून बसलो होतो. दहाच्या सुमाराला त्या खुर्च्या मांडवात लागल्या म्हणून काढून नेल्या. मग गुंडाळून ठेवलेल्या गालिचांवर बसलो. पहिला शॉट दीड वाजता झाला. गर्दी पुरवणाऱ्या को-ऑर्डिनेटरच्या पोऱ्याने एका वहीत आमची नावं लिहून घेतली होती. त्या वहीत वेळेचा रकाना नव्हता. मी विचारलं, आलेली वेळ कुठे लिहायची? तो म्हणाला, काकू, टेन्शन नका घेऊ.

भटजी खरे होते. त्यांनी दिग्दर्शकाला आधीच बजावून ठेवलं होतं की सप्तपदी पूर्ण म्हणणार नाही, उगाच लग्न लागून बसायचं. अक्षता खऱ्या होत्या, पण मोजक्या. प्रत्येक टेकनंतर स्पॉटदादा त्या झाडूने गोळा करायचा आणि परत आमच्या मुठीत द्यायचा. दहाव्या टेकपर्यंत त्यांत झेंडूच्या पाकळ्या, टाचण्या आणि कोणाच्या तरी नथीतला मोती जमा झाला होता.

माझ्या शेजारी कळव्याच्या एक बाई उभ्या होत्या. वय माझ्याएवढंच. अकरा वर्षं हेच काम करतात. पूर्वी एका औषध कंपनीत पॅकिंगला होत्या, ती कंपनी बंद पडली. मी हौसेने पुढच्या रांगेत सरकत होते. त्यांनी माझा दंड धरून मागे ओढलं.

“ताई, पुढं नका उभ्या राहू. तोंड दिसलं की गेलं.”

“काय गेलं?”

“पुढचं काम. आज नवरीची मावशी म्हणून तोंड दिसलं, तर पुढच्या आठवड्यात हॉस्पिटलच्या रांगेत कसं बसवतील? मी आज पाठ देणार, नाहीतर हातानं डोळे पुसणार.”

मला हे कळायला वेळ लागला. आम्ही पाचजणी तोंड दिसावं म्हणून गेलो होतो, आणि ज्यांचं पोट त्यावर आहे त्या बाई अकरा वर्षं तोंड लपवण्याची कला कमावत होत्या. त्यांची ती कला बघण्यासारखी होती. ‘पासिंग’ म्हणजे कॅमेऱ्यासमोरून नुसतं चालत जाणं. ते मी तीनदा चुकवलं. एकदा उशिरा निघाले, एकदा कॅमेऱ्यात पाहिलं, एकदा हिरोइनच्या पदरावर पाय दिला. त्या मात्र चौदा टेकमध्ये चौदा वेळा त्याच मंत्राला निघाल्या, त्याच खांबाशी थबकल्या, तोच डावा हात वर केला. सीन चालू असताना मागची गर्दी बोलताना दिसते, पण आवाज होऊ द्यायचा नसतो. नुसते ओठ हलवायचे, आणि तेही खरं बोलल्यासारखे, मध्येच हसायचं, मान डोलवायची. मला दोन मिनिटांत खोकला आला. त्या सलग वीस मिनिटं माझ्याशी बिनआवाजी गप्पा मारत राहिल्या. नंतर विचारलं, काय बोलत होतात? म्हणाल्या, पाढे. सत्ताविसापर्यंत येतात मला.

त्यांच्या पिशवीत एक छोटी वही असते. तारीख, मालिकेचं नाव, को-ऑर्डिनेटरचं पहिलं अक्षर, रक्कम, आणि पैसे आले की बरोबरची खूण. मी ती चाळली. टाइम ऑफिसवाली बाई दुसऱ्याची वही चाळल्याशिवाय कशी राहील? पहिल्या पानांवर खुणा दाट होत्या. पुढे विरळ होत गेल्या. शेवटच्या दोन पानांवर एकच.

पॅकअप रात्री पावणेदहाला झालं. बाहेर पडताना व्हाउचरवर सही घेतली. रकमेची जागा कोरी. मी म्हटलं, आकडा लिही, मग सही करते. मागे चाळीस जण उभे होते, सगळ्यांना शेवटची बस गाठायची होती. मागून कोणीतरी म्हणालं, करा ना मावशी लवकर. मी कोऱ्या व्हाउचरवर सही केली. एकोणतीस वर्षांत जे कोणालाही करू दिलं नाही, ते स्वतः केलं.

मालिका लागली तेव्हा मी दोन सेकंद दिसले, त्यातही अर्धा खांदा माझा आणि अर्धा मंगलकलशवालीचा. साताऱ्याच्या बहिणीला फोन करून करून लावायला सांगितलं. दोन महिन्यांनी आमच्या पाचजणींच्या ग्रुपवर मी पैशांचं विचारलं. उत्तर आलं, “अगं काय ते सहाशे रुपये, मजा आली ना?” त्याखाली तीन हसरे चेहरे.

वादाचा मुद्दा इथे आहे. मजा आली हे खरं. पण ती मजा सहाशे रुपयांत वळती कोणी केली? निर्मात्याने? त्याला तर ती फुकटच पडली. वळती आम्ही केली, स्वतःहून. आणि आम्ही पाचजणींनी पैसे सोडून दिले याचा अर्थ त्या दिवशीच्या बाजारात एका बाईच्या चौदा-पंधरा तासांचा भाव शून्य ठरला. कळव्याच्या बाईंनी सहाशे मागितले की त्या महाग ठरतात. ठाण्यात आमच्यासारख्या बायका पोत्याने आहेत. निवृत्त शिक्षिका, बँकवाल्या, सूनबाई कामाला गेल्यावर दिवस खायला उठतो अशा. घरंदाज दिसतात, स्वतःच्या पैठण्या आणतात, सेल्फी काढू दिला की खूश. सप्लायरला याहून स्वस्त माल कुठे मिळणार?

हौस या शब्दाला आपल्याकडे फार मान आहे. हौशी रंगभूमीने मराठी नाटकाला काय दिलं ते मी सांगायला नको. गडकरी रंगायतनच्या मागच्या रांगांत बसून मीही स्पर्धेची नाटकं बघितली आहेत. पण हौशी नाटकात सगळेच हौशी असतात. दिग्दर्शक हौशी, प्रकाशयोजनावाला हौशी, नेपथ्य उचलणारे हौशी, तोटा झाला तर सगळे मिळून वर्गणी काढतात. मालिकेच्या सेटवर हौशी कोण असतं? कॅमेरा भाड्याचा, लाइट भाड्याचे, बंगल्याचं भाडं शिफ्टवर, मध्ये लागणाऱ्या जाहिरातींचा दर सेकंदावर. हौशी फक्त मांडवात उभी असलेली गर्दी. एका बाजूनेच हौस असेल तर तिला दुसरं नाव आहे, आमच्या आजीच्या काळात त्याला वेठ म्हणत.

फुकटची गर्दी नेहमीच वाईट असते असं मी म्हणत नाही. गांधीजींवरच्या रिचर्ड ॲटनबरोंच्या चित्रपटातली अंत्ययात्रा 31 जानेवारी 1981 ला दिल्लीत चित्रित झाली, त्याला तीनेक लाख लोक होते आणि त्यातले कितीतरी पैसे न घेता आले होते. ते गांधीजींसाठी आले होते. आम्ही कोणासाठी गेलो होतो? रात्री साडेआठच्या स्लॉटसाठी?

आणि तो ‘मानधन’ शब्द. ज्यांनी तो पहिल्यांदा सरकारी कागदावर आणला त्यांचा हेतू चांगला असेल, पण आज त्या शब्दाचा उपयोग एकच आहे. अंगणवाडी सेविकांना विचारा, आशांना विचारा. वेतन म्हटलं की तारीख येते, रजा येते, भविष्य निर्वाह निधी येतो. मानधन म्हटलं की मान आपल्याकडे आणि धन त्यांच्याकडे, सवडीने. आमच्या व्हाउचरवरही ‘कलाकार मानधन’ असंच छापलेलं होतं. सेटवर दिवसभर कोणी आम्हाला कलाकार म्हटलं नाही. ‘क्राउड कुठंय’, ‘क्राउडला पाणी द्या’, ‘क्राउड जरा डावीकडे’. व्हाउचरवर मात्र कलाकार. आणि कलाकाराने पैशाचं काढायचं नसतं, नाही का?

मराठी माणसाने सुरू केलेल्या या धंद्याची सुरुवात मात्र वेगळी होती. 1913 चा ‘राजा हरिश्चंद्र’ दादरला तयार होत असताना नाटक-सिनेमात काम करणं बदनामीचं समजत. दादासाहेब फाळक्यांनी म्हणे आपल्या माणसांना शिकवून ठेवलं होतं, कोणी विचारलं तर सांगा की हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहे. ही आठवण आपण गंमत म्हणून सांगतो. मला ती गंमत वाटत नाही. कारखानाच होता तो, आणि आजही आहे. ठरलेल्या वेळी माणसं येतात, कोणाच्या तरी हुकमाने उठतात-बसतात, संध्याकाळी माल तयार होतो, माल विकला जातो. कारखान्याला जे नियम, तेच याला लावा. एवढंच माझं म्हणणं आहे.

नियम नाहीत असंही नाही. सिने-कामगारांसाठी 1981 मध्ये खास कायदा झाला. लेखी करार करा, तो नोंदवा, असं त्यात होतं. पण तो कथापटांपुरता होता. मालिका त्यात नव्हत्या, आणि घोडबंदरचा सगळा व्याप मालिकांचा. चार दशकं त्या कायद्याचं दार आमच्या लोकांसाठी उघडलं नाही. आता चार नव्या कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या. या संहितांबद्दल कामगार संघटनांच्या तक्रारी बऱ्याच आहेत आणि त्यातल्या काही मला पटतात. कारखाना बंद करणं, माणसं कमी करणं आता जास्त सोपं झालं आहे. पण न्यायाने बोलायचं तर व्यावसायिक सुरक्षा संहितेत ‘दृक्-श्राव्य कामगार’ अशी व्याख्या आहे, तिच्यात टीव्ही मालिका आल्या, वेब मालिका आल्या, रिॲलिटी शो आले, जाहिराती आल्या. कामगार थेट घेतलेला असो की कंत्राटदारामार्फत. लेखी कराराशिवाय त्याला कामावर ठेवायचं नाही असंही तिच्यात आहे.

वेतन संहितेतलं कलम तर वाचून मी चष्मा पुसला. रोजंदारीवरच्या माणसाचे पैसे शिफ्ट संपताना द्यायचे. आठवड्यावर असेल तर आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी, महिन्यावर असेल तर पुढच्या महिन्याची सात तारीख उलटायच्या आत. पण रोजाचा माणूस असेल तर शिफ्ट संपताना. साठ दिवस नाही, नव्वद दिवस नाही, ‘चॅनेलचं बिल पास झालं की’ तर अजिबात नाही. आमचं पौषातलं लग्न झालं तेव्हा हे कलम लागू होऊन दोन महिनेही झाले नव्हते. कोरं व्हाउचर पुढे करणाऱ्या त्या मुलाला ते माहीत नव्हतं, आणि त्याच्यावर माझा राग नाही. तोही बहुधा रोजावरच होता.

दुसरी गोष्ट कंत्राटदाराची. मालिकेतली गर्दी कोणाची, असं विचारलं तर निर्मिती संस्था सांगते को-ऑर्डिनेटरची. को-ऑर्डिनेटर सांगतो, माझ्या खालच्याने आणली. खालचा सांगतो, सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं होतं, आल्या. प्रत्येक पायरीवर काही रुपये गळतात आणि तळाशी पोचेपर्यंत जबाबदारीही गळून जाते. ही युक्ती मला नवी नाही, कारखान्यात आम्ही हेच बघितलं. पण 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने तिच्यावर एक साधा तोडगा काढला होता. कंत्राटदार मजुरी वाटायला बसला की मूळ मालकाचा एक माणूस तिथे हजर असलाच पाहिजे. आमच्याकडे तो माणूस म्हणजे बऱ्याचदा मी. कॅन्टीनच्या दाराशी टेबल मांडायचं, कंत्राटदार एकेकाचं नाव घेऊन पैसे द्यायचा, तो मोजून घ्यायचा, अंगठा किंवा सही. सगळं वाटून झालं की रजिस्टरच्या तळाशी मी लिहायचे, ‘माझ्यासमक्ष दिले’, आणि खाली सही, तारीख. कंत्राटदाराने बुडवले तर कंपनी भरून द्यायची. नव्या वेतन संहितेतही हेच सूत्र आहे, देणाऱ्याने दिलं नाही तर ज्याची आस्थापना तो जबाबदार.

त्या दोन शब्दांनी काय व्हायचं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. कंत्राटदार पैसे मारायचा नाही असं नाही, गेटबाहेर जाऊन परत काही काढून घेणारेही होते. पण कोणाला किती मिळायला हवं हा आकडा कागदावर असायचा, आणि त्या कागदावर कंपनीच्या माणसाची सही असायची. भांडायला कागद लागतो. सेटवर नाव-वेळ-रक्कम असा कागद आला, आणि पॅकअपला प्रॉडक्शनच्या माणसाने खाली ‘माझ्यासमक्ष दिले’ लिहून सही केली, तर निम्मी भांडणं व्हायचीच नाहीत. रोख सांभाळायची अडचण आता कोणी सांगू नये. सेटबाहेरचा वडापाववाला क्यूआर कोड लटकवून बसतो, तिथे कोट्यवधींच्या मालिकेला चाळीस जणांना सहाशे रुपये पाठवायला तीन महिने का लागावेत?

यावर काय काय म्हटलं जातं ते मला माहीत आहे. पहिलं हे, की चॅनेल निर्मात्याला उशिरा पैसे देतं, मग तो कुठून आणणार? मालिकांच्या धंद्यात नव्वद दिवसांची उधारी हा जुना रिवाज आहे. 2020 च्या लॉकडाउनमध्ये ओळखीच्या चेहऱ्यांनीही थकलेल्या पैशांबद्दल तोंड उघडलं तेव्हा बाहेरच्यांना तो कळला. निर्मात्याची अडचण खोटी नाही, मराठी मालिकांचं बजेट हिंदीच्या मानाने तुटपुंजं असतं हेही खरं. पण जनरेटरच्या डिझेलसाठी पंपवाला नव्वद दिवस थांबतो का? नाही थांबत, म्हणून डिझेलचे पैसे आधी बाजूला निघतात. दिवसभराच्या खर्चात चाळीस माणसांची गर्दी म्हणजे किती? हिरोइनची व्हॅनिटी व्हॅन दोन दिवस उभी राहते तेवढं असेल. ज्याला थांबवता येतं त्याला थांबवतात, बाकी हिशेब काही नाही.

दुसरं, की फार नियम लावले तर शूटिंग दुसरीकडे जाईल. याची भीती मलाही वाटते, कारण ते झालेलं आहे. एप्रिल 2021 मध्ये राज्यात चित्रीकरण बंद झालं तेव्हा मालिकांनी गोवा, गुजरात, हैदराबाद गाठलं. नायक-नायिका गेल्या, कॅमेरे गेले. गर्दी नेली नाही, ती तिथली घेतली. कळव्याच्या बाईंच्या वहीत त्या एप्रिलनंतरची काही पानं कोरी आहेत. पण ते स्थलांतर कोणाच्या मजुरीमुळे झालं नव्हतं. आणि घोडबंदर सोडून रोज कुठे जाणार? कलाकार इथे राहतात, तंत्रज्ञ इथे राहतात, एडिटिंग इथे होतं. सहाशे रुपये वेळेवर देण्यापेक्षा अख्खं युनिट गोव्याला नेणं स्वस्त पडतं असं ज्याला वाटतं, त्याने एकदा गणित मांडून दाखवावं.

तिसरं म्हणजे युनियन. सिने-कामगारांचं फेडरेशन 1956 पासून आहे, त्यात पुरुष ज्युनियर आर्टिस्टांची, म्हणजे गर्दीत उभं राहणाऱ्यांची, वेगळी संघटना, बायकांचा महिला कलाकार संघ. 2008 च्या ऑक्टोबरमध्ये आणि 2017 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी कामाचे तास आणि थकलेल्या पैशांवरून संप केले, जे काही मिळालं ते त्यातून मिळालं. कार्डवाल्यांचा दर बिनकार्डवाल्यांपेक्षा बरा असतो. पण कार्ड मिळवणं सोपं नाही, स्वस्तही नाही, आणि कार्ड नसलेल्याला सेटवर येऊ देऊ नका हा जुना हेका आता टिकणारा नाही. सभासदांनाच काम द्या ही सक्ती स्पर्धा आयोगाने 2017 मध्येच चुकीची ठरवली. कार्ड असो नसो, त्या दिवशी जो राबला त्याला त्या दिवशी पैसे, हे ज्या दिवशी युनियन बोलेल त्या दिवशी माझ्यासारखीही सभासद होईल. आत्ता युनियनवाले आम्हा हौशी बायकांकडे ज्या नजरेने बघतात, त्यात त्यांची चूक आहे असं मला म्हणवत नाही.

संडासाचं एका वाक्यात आटपावं म्हणत होते, पण आटपत नाही. बंगल्यात एकच चांगला होता, तो कलाकारांना. आम्हाला शेजारच्या बांधकामावर पाठवलं, पैठणी गुडघ्यापर्यंत धरून, विटा ओलांडत. दुपारनंतर आमच्यातल्या दोघींनी पाणीच प्यायलं नाही. मल्याळम चित्रपटसृष्टीतल्या बायकांची स्थिती तपासायला केरळ सरकारने नेमलेल्या न्यायमूर्ती हेमा समितीचा अहवाल ऑगस्ट 2024 मध्ये उघड झाला, तेव्हा बातम्या मोठ्या नावांच्या झाल्या. त्याच अहवालात ज्युनियर आर्टिस्ट बायकांना साधा संडास, कपडे बदलायला आडोसा मिळत नाही हेही होतं. त्यावर चर्चा झाल्याचं मला आठवत नाही.

या छोट्या कलाकारांनी कोर्टात जाऊन मिळवलं तेव्हा ते सगळ्यांना मिळालं, हे मात्र आठवतं. 2020 मध्ये चित्रीकरण पुन्हा सुरू करताना राज्य सरकारने पासष्ट वर्षांवरच्यांना सेटवर बंदी घातली होती. त्याविरुद्ध जे उच्च न्यायालयात गेले त्यांत सत्तर वर्षांचे एक गृहस्थ होते, उभी हयात चित्रपट-मालिकांत छोट्या-छोट्या भूमिका करून पोट भरलेले. त्यांचं म्हणणं असं, की मला दुसरं काही येत नाही, मी खाऊ काय? 7 ऑगस्टला न्यायालयाने ती अट रद्द केली. मोठमोठे ज्येष्ठ कलाकार त्या निकालानंतर सेटवर परतले.

अजून एक गोष्ट राहिली. त्या दिवशी आत जाताना एका मुलाने आमचे प्रत्येकीचे समोरून, दोन्ही बाजूंनी, मागून फोटो काढले. कंटिन्युइटीसाठी, म्हणजे पुढच्या शॉटमध्ये दिसणं जुळावं म्हणून, म्हणाला. असतीलही. पण 2023 मध्ये अमेरिकेतल्या नटांच्या संघटनेने 118 दिवस संप केला, त्यात एक मोठा मुद्दा पार्श्वभूमीतल्या कलाकारांचाच होता. एकदा शरीर स्कॅन करून घ्यायचं आणि मग कॉम्प्युटरवर हवी तेवढी गर्दी उभी करायची, हे त्यांना नको होतं. संमती आणि मोबदला, दोन्ही त्यांनी करारात लिहून घेतलं. आमच्याकडे कराराचा कागदच नाही, तर त्यात काय लिहून घेणार? उद्या माझी अर्ध्या खांद्याची पैठणी पन्नास लग्नांत उभी राहिली तर मी कोणत्या वहीत बघू?

चैत्रात पुन्हा निरोप आला. त्याच को-ऑर्डिनेटरच्या ग्रुपवर, डोहाळजेवणाचा सीन, हिरव्या साड्या. दहा मिनिटांत तेवीस जणींचे अंगठे. मी लिहिलं, ‘पैसे पॅकअपला मिळतील का? नाव, वेळ आणि रक्कम लिहिलेला कागद मिळेल का? मागचे सहाशे बाकी आहेत.’ उत्तर आलं नाही. चहा ठेवून परत आले तर ॲडमिनने मला ग्रुपमधून काढलं होतं. मला बरं वाटलं, खरंच सांगते. मला काढल्याने माझी चूल विझत नाही, म्हणून विचारायचं माझ्यासारखीनेच, असं मी मनाशी ठरवूनच विचारलं होतं.

शुक्रवारी दुपारी कळव्याच्या बाईंचा फोन आला. सेटवरून बोलत होत्या, हळू आवाजात.

“ताई, तुम्हाला काढलं ना?”

“काढलं.”

“बरं केलंत विचारलंत. मला नसतं जमलं.” मग थोडा वेळ नुसता जनरेटरचा आवाज. “पण त्यांनी मला विचारलं, ती बाई तुमच्या ओळखीची का. मी नाही म्हटलं. राग नका मानू.”

मी म्हटलं, राग कसला. जेवलात का?

“आत्ता ब्रेक झाला. तुमच्या सोसायटीतल्या चौघी आल्यात. त्यातली एक म्हणते, अंगावरची हिरवी साडी तुमची आहे. खरं का?”

खरं होतं. आदल्या रात्री ती मागायला आली, डोहाळजेवणाला जायचंय म्हणाली. कोणाच्या, ते मी विचारलं नाही. कपाट उघडलं आणि दिली.